बंड्यास पत्र : चिप्सचे रंग आणि त्यांचे भाव

डिचोली, गोवा
नागपंचमीनंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

पोकरच्या चिप्सच्या, म्हणजे पत्त्यांत पैशांऐवजी लावायच्या चकत्यांच्या, पेटीचा फोटो पाहिला. पाच रंग, पाचशे चिप्स, चकचकीत ॲल्युमिनियमची पेटी, आणि चिपेवर आकडा औषधालाही नाही. खाली तुझा प्रश्न, "कुठला रंग केवढ्याचा?" फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच "बरं, बरं" करून फोन ठेवशील, म्हणून पत्र. गणपतीच्या चवथीला अजून तीनेक आठवडे आहेत, तोवर सावकाश वाच.

आधी घरचा कायदा. बाबांनी बजावलंय की गणपतीवर फळापानांची माटोळी बांधलेल्या घरात पैसे लावून पत्ते चालणार नाहीत. रात्रीच्या आरत्या आटपल्या की आमच्याकडे पत्ते निघतातच, ते आजोबांपासून चालत आलंय. पण पैसे मांडायचे नाहीत. त्यामुळे यंदा पोकर, नुसत्या चिप्सवर. हरेल त्याने पहाटेचा चहा करायचा. मात्र पैसा नसला म्हणून चिपेला किंमत नको असं समजू नकोस. किंमत नसेल तर माणूस दर डावाला सगळं पुढे ढकलतो आणि अर्ध्या तासात खेळाचा चोथा होतो.

तर तुझं उत्तर: त्या पेटीतल्या एकाही रंगाला स्वतःची किंमत नाही. ती आपण ठरवायची. फक्त मनाला येईल तशी ठरवायची नाही.

तू शोधाशोध केली असशील तर एक यादी दिसली असेल. पांढरी 1, लाल 5, हिरवी 25, काळी 100, जांभळी 500, आणि हजाराला कुठे पिवळी तर कुठे नारिंगी. ही अमेरिकेतल्या कॅसिनोंची यादी, भाव डॉलरमध्ये. न्यू जर्सी राज्याने तर हे रंग सरकारी नियमात घातले. नेवाडात ज्याची त्याची मर्जी, तरी बहुतेक जण मळलेल्या वाटेनेच जातात. या यादीत एक गुलाबी चिपही आहे, अडीच डॉलरची. अडीचची चिप कशाला, असं कुणालाही वाटेल. तर ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस झाले की जुन्या नियमाने दोनाला तीन मिळतात. पाच डॉलर लावले तर साडेसात. वरचे अडीच द्यायचे कशात? मोड नाही, म्हणून गुलाबी आली. सगळ्या रंगांत मला हीच सर्वांत आवडते. कुणी शोभेसाठी केलेली नाही, काउंटरवरच्या अडचणीतून जन्माला आली.

हीच यादी पाठ करून तू पणजीच्या मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर गेलास तर फसशील. तिथे खेळ रुपयांत, म्हणून भावांची शिडीच वेगळी, आणि प्रत्येक कॅसिनोचे रंग आणि नक्षी आपापली. तेव्हा आत शिरल्यावर आधी आकडा वाचायचा, रंग नंतर. तू सावंतवाडीचा, एकवीस कधीच ओलांडलेली; ओळखपत्र दाखवलंस की सोडतील. आम्हा गोंयकारांना फेब्रुवारी 2020 पासून खेळायच्या भागात मज्जाव आहे. डीलरच्या, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या, युनिफॉर्मात मी रात्ररात्र त्याच टेबलामागे उभा होतो, ती गोष्ट निराळी.

नोकरीत पहिल्यांदा शिकवतात ते पत्ते वाटणं नव्हे, चिप्स कापणं. वीस चिप्सचा एक गठ्ठा, त्याला स्टॅक म्हणतात. असे पाच स्टॅक एका ट्रेमध्ये बसतात, म्हणजे शंभर. कुणाला वीस चिप्स द्यायच्या तर डीलर त्या मोजत नाही. तो पाच चिप्स कापून टेबलावर ठेवतो आणि उरलेल्या त्या पाचांच्या शेजारी उंचीला उंची लावत टेकवत जातो. वरून एक बोट आडवं फिरवलं की चारही ढीग समान आहेत की नाही ते कळतं. हे सगळं गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून असतंच, पण खरा प्रेक्षक छतावरचा कॅमेरा. त्याला चिपेवरचा आकडा दिसत नाही, कडेचा रंग दिसतो. म्हणून तर खऱ्या चिपेच्या काठावर वेगळ्या रंगाचे पट्टे असतात: ढीग रचला की ते पट्टे उभे दिसतात, आणि लाल ढिगात एक हिरवी घुसली तर दहा हातांवरून ओळखू येते.

रंग हा लांबून वाचायचा आकडा, एवढं डोक्यात ठेवलंस की पुढचं सगळं आपोआप येतं. कदंबा बसच्या कंडक्टरच्या बोटांत दुमडलेल्या नोटा आठव. तो आकडा कुठे वाचतो? जांभळट दिसली की शंभराची, करडी दिसली की पाचशेची. आणि नवी वीसची हिरवट पिवळी नि दोनशेची पिवळी या दोन नोटांत संध्याकाळच्या उजेडात लोक कसे गोंधळतात, तेही तू बाजारात पाहिलं असशील. चिप्सचे रंग निवडताना नेमकं तेवढं टाळायचं.

एका ठिकाणी मात्र रंगाचा अर्थ साफ बदलतो, ते रुलेट, म्हणजे चाक फिरवून कुठला आकडा येतो त्यावर पैज लावायचा खेळ. तिथे एकाच आकड्यावर चार जण चिप्स ठेवतात, मग कुणाची कुठली हे कळणार कसं? म्हणून प्रत्येक खेळणाऱ्याला त्याचा रंग देतात. त्या चिपेवर किंमत नसते. तू बसताना सांगशील ती तिची किंमत, आणि डीलर त्याची खूण चाकापाशी ठेवतो. तिथे रंग म्हणजे माणूस. या चिप्स त्या टेबलावरून उठवायच्या नाहीत, उठताना तिथेच मोडून साध्या चिप्स घ्यायच्या. खिशात घालून काउंटरवर गेलास तर कॅशिअर त्यांना हात लावणार नाही, कारण त्या कितीच्या हे त्याला माहीतच नसतं. तशाच प्रवेशाच्या पॅकेजमध्ये मिळतात त्या चिप्स: बहुधा एकदाच लावायच्या, त्यांचे थेट पैसे होत नाहीत.

आणि विकत घेतलेल्या चिपेवर कर आहे बरं का. 1 ऑक्टोबर 2023 पासून दर्शनी किमतीवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. विकत घेताना एकदाच, जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर परत नाही. तरी हजाराच्या चिपेमागे चारशे! आमचा चहाचा दंड स्वस्त पडतो.

आता तुझी पेटी. त्यावर 11.5 ग्रॅम असं ठसठशीत छापलंय, त्याला भुलू नकोस. प्लास्टिकच्या आत धातूची चकती घालून वजन आणतात. कॅसिनोतली चिप बऱ्याचदा त्याहून हलकी असते. आपल्याला खेळायला उत्तम आहे.

आपण आठ जण. प्रत्येकाला पांढऱ्या आठ, लाल आठ, निळ्या आठ. पांढरी 25, लाल 100, निळी 500. म्हणजे 200, 800 आणि 4000, मिळून 5000. सुरुवातीचे ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायच्याच लागणाऱ्या रकमा, 25 आणि 50 ठेवले की प्रत्येकाकडे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट माल येतो; दोन-तीन तास निवांत खेळ होतो. 25 वरून 100 चौपट, 100 वरून 500 पाचपट. ही उडी मुद्दाम मोठी ठेवायची. 50 आणि 200 च्या चिप्स मधे घुसडल्यास तर मोड भरपूर मिळेल, पण टेबलावर पाच रंगांची खिचडी होईल आणि दर डावाला कुणीतरी विचारेल, "ही कितीची रे?" नोटांना ती बारीक शिडी ठीक, कारण बाजारात साडेतीनशेची मासळी घ्यावी लागते. पोकरमध्ये लागत नाही.

हजाराला मी काळी घेतोय आणि हिरवी पेटीतच ठेवतोय. हिरवी का नको? आमच्या धाकट्या काकांना लाल आणि हिरवा सारखाच दिसतो. शंभर समजून त्यांनी हजार टाकले तर बाबा म्हणतील, "बघ, तरी सांगत होतो." उरली काळी, पण चवथीत वीज गेली आणि इन्व्हर्टरच्या दिव्यावर बसलो की काळी नि निळी एकच. तुझ्या पेटीतल्या सगळ्या चिप्सच्या काठाला सारखेच पांढरे पट्टे आहेत, त्यांचाही उपयोग नाही. म्हणून काळ्या चिप्सना दोन्ही बाजूंनी 1000 चे गोल स्टिकर लाव. बाकीच्यांना नको.

काळ्या सुरुवातीला वाटायच्याच नाहीत, त्या नंतर येतील. ब्लाइंड वाढत वाढत 100 आणि 200 झाले की पांढरीचं काम संपलं. तिच्यात आता काहीच लावता येत नाही. मग सगळ्या पांढऱ्या गोळा करायच्या आणि चाराला एक लाल द्यायची. टेबलावर पांढऱ्या 64, म्हणजे पेटीतून लाल 16 काढायच्या. भांडण होतं ते सुट्या उरलेल्यांवरून. कुणाकडे एक उरते, कुणाकडे तीन. त्याचा शिरस्ता असा: जितक्या सुट्या पांढऱ्या तितके पत्ते त्या माणसापुढे उघडे वाटायचे, आणि सगळ्यात मोठा पत्ता ज्याचा त्याला पहिली लाल, मग त्याच्या खालोखाल मोठा पत्ता ज्याचा त्याला दुसरी. एका माणसाला एकाहून जास्त नाही. आणि ज्याच्याकडे तेवढ्याच पांढऱ्या उरल्यात त्याला पत्त्यांत हरला तरी एक लाल द्यायची. चिल्लर बदलताना कुणाला खेळातून उठवायचं नाही. पुढे लाल निरुपयोगी झाल्या की त्यांच्या निळ्या नि काळ्या करायच्या, तसंच.

टेबलावरच्या दोन सवयी मात्र पहिल्या डावापासून लाव, नाहीतर तुझ्या भाच्याशी माझं वाजेल. मोठ्या चिप्स ढिगाच्या पुढे, सगळ्यांना दिसतील अशा ठेवायच्या, लालच्या मागे काळ्या दडवून "माझ्याकडे काय आहे?" असा चेहरा करायचा नाही. आणि पैज तोंडाने सांगायची. समोर 100 ची पैज आहे आणि तू न बोलता एक निळी टाकलीस, तर ते 500 लावले असं होत नाही. एकच मोठी चिप मुकाट टाकली की तिचा अर्थ फक्त "पाहतो", म्हणजे समोरच्याएवढेच लावले, वरचे 400 परत. हे ऐकून पहिल्या रात्री सगळेच चिडतात. चिडू देत. चिप्स मधल्या ढिगावर भिरकावायच्याही नाहीत. आपल्यासमोर ठेवायच्या, मोजून झाल्या की आत सरकवायच्या.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोच, म्हणजे जेवण आमच्याकडेच होईल. पत्त्यांचे दोन जोड आण आणि ते प्लास्टिकचेच आण. या दमट हवेत कागदी पत्ते तासाभरात चिकटायला लागतात. स्टिकर बांद्यात नाही मिळाले तर कळव, मी म्हापशाहून घेतो.

आई नेवऱ्यांचं विचारत होती, तुला खोबऱ्याच्या की चण्याच्या? वहिनींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद.

तुझा,
आप्पा