मोबाइल काढून घेतला तरी विचार तसेच राहतात

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन गेमच्या व्यसनाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा शाळकरी मुलांपाशीच थांबते. तिशी-पस्तिशीतला, कमावता, लेकराबाळांचा माणूस रात्ररात्र गेममध्ये गुंतून पडला, की घरचे त्याला बेजबाबदार ठरवून मोकळे होतात. सोलापूरच्या पूर्व भागात माझी उभी हयात शिकवण्यात गेली आणि आज माझेच काही जुने विद्यार्थी या अवस्थेत दिसतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात गेमिंगच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो सुरूच ठेवणे, ही त्याची लक्षणे असून ती साधारणपणे वर्षभर टिकलेली असावी लागतात. म्हणजे केवळ जास्त वेळ खेळणारा प्रत्येक जण रुग्ण नव्हे. सारखेच तास खेळणाऱ्या दोघांपैकी एक जण सहज उठून कामाला लागतो आणि दुसऱ्याला उठवत नाही, हा फरक कशाने पडतो, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे बरेचसे उत्तर विचारांच्या ठेवणीत सापडते. ऑस्ट्रेलियातील डॅनियल किंग आणि पॉल डेल्फाब्रो या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन अशा विचारांचे चार गट मांडले: गेममधल्या बक्षिसांना अवाजवी मोल देणे, खेळण्याबद्दल स्वतःवर ताठर नियम लादणे, स्वतःची किंमत गेमवरून ठरवणे आणि लोकांनी आपल्याला मानावे यासाठी गेमचाच आधार घेणे. हे वाचताना मला टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा माझा एक विद्यार्थी आठवला. सकाळी घरी आल्यावर झोपायचे सोडून तो मोबाइल उघडतो. ‘‘सर, चार वर्षं घातलीत या आयडीवर, आता सोडू कसा?’’ असे तो गेममधल्या आपल्या खात्याबद्दल मला म्हणाला. आजची गेममधली हजेरी चुकली तर बक्षीस जाईल, ही मॅच हरून उठलो तर झोप लागणार नाही, टीममधली पोरे माझ्या भरवशावर आहेत, असे त्याचे म्हणणे होते. आणि शेवटी मान खाली घालून तो म्हणाला, ‘‘कारखान्यात मला कोण विचारतं? गेममध्ये मला मान आहे.’’ त्याच्या या बोलण्यात ते चारही गट आले. शेवटच्या वाक्याने मला फार अस्वस्थ केले, कारण ते पूर्णपणे खोटे नाही.

हे विचार त्याच्या एकट्याच्या डोक्यातून आलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. रोजच्या हजेरीचे बक्षीस, ठरावीक मुदतीतच मिळणाऱ्या वस्तू, केव्हा काय हाती लागेल याचा नेम नसलेल्या पेट्या, ही सारी रचना माणसाला ‘आत्ता उठलो तर तोटा होईल’ असे वाटावे याच बेताने केलेली असते. विचार आधी की व्यसन आधी, हे दर वेळी सांगता येत नाही. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. त्यात एकटेपणा किंवा नैराश्य असेल, तर गाठ आणखी घट्ट बसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. त्याचे मी मनापासून स्वागत करतो, कारण अशा खेळांनी अनेक संसार धुळीस मिळवले आहेत. परंतु माझा विद्यार्थी पैसे लावून खेळत नाही, त्यामुळे या बंदीचा त्याला काही उपयोग नाही. घरच्यांनी मोबाइल हिसकावून पाहिला. आठवडाभर घरात भांडणे झाली आणि मोबाइल परत त्याच्या हाती आला.

विचार आणि वर्तन यांवर एकत्र काम करणारी उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, इथे उपयोगी पडते. गेम उघडण्याच्या क्षणी मनात नेमके कोणते वाक्य आले ते रुग्ण लिहून काढतो, समुपदेशकासोबत ते पारखून पाहतो, आणि मग मुद्दाम एक दिवस हजेरी चुकवून खरोखर काय बिघडले याचा अनुभव घेतो. सुरुवातीचा गुण बऱ्यापैकी येतो असे अभ्यास सांगतात. तो टिकवायचा तर पाठपुरावा लागतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून खास क्लिनिक चालते. सोलापुरातही शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, पण दिवसपाळीच्या कामगाराला मजुरी बुडवून सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात येणे परवडत नाही. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी प्रौढांसाठी असे समुपदेशन सुरू करावे आणि त्याची माहिती यंत्रमाग कारखान्यांच्या फाटकावर लावावी, अशी माझी आरोग्य यंत्रणेला व कारखानदारांना विनंती आहे. तोवर फोनवरून मानसिक आरोग्याबाबत मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तो घरच्यांनाही वापरता येतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर