शुक्रवारची रांग

महोदय,

लीड्सला येऊन मला १८ वर्षे झाली. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फिश अँड चिप्सच्या दुकानापुढे आजही रांग लागते, अगदी भर पावसातसुद्धा. काउंटरमागच्या बाई हॅडॉक माशाचा तुकडा पिठात बुडवतात, भांड्याच्या कडेला निथळू देतात आणि हलकेच कढईत सोडतात. आमच्या यॉर्कशायर परगण्यात बऱ्याच ठिकाणी तळण गाईच्या चरबीत होते, हे आपल्याकडून येणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. मग बटाट्याच्या जाड फोडी, वरून मीठ, व्हिनेगर आणि कागदाची गरम पुडी. तळणीत सुटलेला पिठाचा चुरा मागितला तर बहुधा फुकट मिळतो. वडापावच्या गाडीवर चुरा मागून घेणाऱ्यांना त्याची गोडी वेगळी सांगायला नको!

मासा पिठात घोळून तळण्याची रीत इंग्लंडात आणली ती स्पेन-पोर्तुगालहून आलेल्या ज्यूंनी. १८६०च्या सुमारास लंडन आणि लँकेशायरमध्ये त्याला बटाट्याची जोड मिळाली आणि गिरणी कामगारांना स्वस्तात पोटभर जेवण मिळू लागले. दुसऱ्या महायुद्धात मटण, लोणी, साखर रेशनवर गेली, पण फिश अँड चिप्स नाही. सरकारलाही त्याचे मोल कळत होते.

२०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे तेल, गॅस, मासे सगळेच महागले आणि कितीतरी दुकाने बंद पडली. आमचे टिकले, याचा मला मनापासून आनंद आहे. परवा फळ्यावरचा भाव पुन्हा पुसून नवा लिहिला होता. माझ्यापुढचे आजोबा फळ्याकडे न बघताच म्हणाले, "नेहमीचंच द्या."

– एक वाचक, लीड्स (इंग्लंड)