सामाईक पेन्शनमधल्या ‘अनाथां’चा भार कोणी उचलायचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अ‍ॅपवरून घरोघरी माल पोचवणाऱ्या मुलांसाठी सगळ्या कंपन्यांनी मिळून एक निधी उभारावा आणि त्यातून त्यांना म्हातारपणी पेन्शन मिळावी, असं आपल्याकडे आता बोललं जातं. मागणी रास्त आहे. माझे वडील मस्जिद बंदरला माथाडी होते. मालक अनेक आणि मंडळ एक, ही व्यवस्था मी लहानपणापासून घरात पाहिली आहे. पण पुढे २२ वर्षं अमेरिकेत, इलिनॉयमधल्या एका छोट्या ट्रक कंपनीचे हिशेब मी सांभाळले. ती कंपनी युनियनच्या सामाईक पेन्शनमध्ये होती. तिथे जे पाहिलं, ते इथे पाया घालण्याआधी सांगायला हवं असं वाटतं, म्हणून हे पत्र.

अमेरिकेत असे सुमारे १,४०० निधी आहेत आणि त्यांवर एक कोटीहून अधिक माणसं विसंबून आहेत. १९४७ च्या कायद्यानुसार विश्वस्त निम्मे युनियनचे, निम्मे मालकांचे. ट्रक चालवणारा, गवंडी, खाणकामगार आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे असतो. तरी त्याची नोकरीची वर्षं एकाच खात्यात जमत जातात. ही सोय खरोखरच मोठी आहे आणि ती मिळवायला तिथल्या कामगारांनी पुष्कळ लढा दिला.

अडचण अशी की पैसा एकत्र, तसं वचनही एकत्र. भिशीत दहा जण असताना चार जण मधेच पसार झाले, तर उरलेल्या सहा जणांनी त्यांचेही हप्ते भरायचे, असं समजा. एखादी कंपनी बुडाली तरी तिच्या कामगारांची पेन्शन निधीला द्यावीच लागते. या कामगारांना तिथे सरळ ‘अनाथ’ म्हणतात. त्यांचा भार टिकून राहिलेल्या मालकांवर पडतो. १९८० साली अमेरिकेने मालवाहतुकीवरचे निर्बंध उठवले आणि पुढच्या काळात जुन्या युनियनवाल्या ट्रक कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनचा ‘सेंट्रल स्टेट्स’ हा सुमारे चार लाख सभासदांचा निधी त्यातच खचला. एक वेळ अशी आली की मालकांकडून एक डॉलर यायचा आणि पेन्शनवर साडेतीन डॉलरच्या आसपास जायचे. मधली तूट गुंतवणुकीतून भरायची, आणि २००८ मध्ये बाजार कोसळला तेव्हा गुंतवणुकीनेही दगा दिला. त्याआधी १९९० च्या दशकात बाजार तेजीत होता, तेव्हा शिल्लक राखून ठेवण्याऐवजी अनेक निधींनी पेन्शनचे आकडे वाढवले होते. कारण निधी भरलेला असला, की मालकाला जादा भरण्यावर करसवलत मिळत नसे.

१९८० मध्येच कायदा आला की निधीतून बाहेर पडणाऱ्या मालकाने तुटीतला आपला वाटा चुकवून जायचं. ऐकायला न्याय्य वाटतं. आमचे मालक निवृत्त व्हायचे होते, कंपनी विकायला काढली होती. त्यांचा एकही हप्ता कधी उशिरा गेला नाही. ते चेक मीच लिहीत असे. निधीकडून आलेल्या पत्रातला आकडा ट्रक आणि जागा यांच्या एकत्र किमतीहून मोठा होता. आमच्या ताळेबंदात हे कर्ज कुठेच नव्हतं, कारण बाहेर पडेपर्यंत ते देणं उभंच राहत नाही. गिऱ्हाईक परत गेलं. गोदामाची इमारत आमच्या मालकांनी वेगळ्या नावाने घेऊन कंपनीलाच भाड्याने दिली होती, तीही या देण्यात ओढली जाते असं वकिलाने सांगितलं. यूपीएससारख्या बलाढ्य पार्सल कंपनीने २००७ मध्ये ६१० कोटी डॉलर मोजून सेंट्रल स्टेट्समधून पाय सोडवून घेतला. तीस ट्रकवाल्याने काय करावं? त्याला ना धड राहता येतं, ना बाहेर पडता येतं. नवा मालक तर असल्या निधीच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, आणि नवे हात आले नाहीत की निधी आणखी खंगतो.

आमचा एक ड्रायव्हर एकदा माझ्या टेबलाशी येऊन बसला. ३० वर्षं नोकरी झालेली. ‘निधी बुडाला तर सरकारी विम्यातून मला किती मिळतील?’ असं त्याने विचारलं. मी हिशेब करून दाखवला: महिना जास्तीत जास्त १,०७२ डॉलर ५० सेंट, म्हणजे वर्षाला १२,८७०. एकाच कंपनीच्या पेन्शनसाठी हाच विमा ६५ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला कितीतरी पट अधिक देतो. २०२४ ची मर्यादा वर्षाला ८५ हजार डॉलरच्या वर होती. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि काही न बोलता गाडीवर गेला. त्याचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्याच सुमारास सेंट्रल स्टेट्सने पेन्शन कापण्याची परवानगी मागितली होती. मे २०१६ मध्ये सरकारने ती नाकारली. अखेर २०२१ च्या कायद्याने करदात्यांचा पैसा आला आणि या एका निधीला सुमारे ३,६०० कोटी डॉलर मिळाले. म्हातारे ड्रायव्हर वाचले याचा मला मनापासून आनंद आहे. पण दर वेळी सरकार धावून येईल, हे गृहीत धरून कोणी योजना आखू नये.

सामाईक असणं हा दोष नाही. माथाडी कायदा १९६९ चा. तिथेही मालक अनेक, पण भविष्य निर्वाह निधी ज्याच्या त्याच्या नावावर जमतो. एक व्यापारी पेढी बंद करून गेला म्हणून शेजारच्या पेढीवर त्याच्या हमालाची पेन्शन लादली जात नाही. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफ खात्याच्या पेन्शन योजनेत, वचन सामाईक आहे. तिथे किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबली आहे आणि ती वाढावी म्हणून बुलढाण्यात म्हातारी माणसं साखळी उपोषणाला बसली. निधीत पुरेसं येत नसलं, की झळ शेवटी त्यांनाच लागते.

सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी अशी तरतूद आहे. त्यातून पेन्शन द्यायची झाली, तर ठरलेल्या आकड्याचं वचन द्यायचं की प्रत्येकाच्या नावावर जमेल तेवढंच द्यायचं, हे आधी लिहून काढा. कंपनी बंद पडली तर तिच्या मुलांचं देणं कोणाकडे जाणार, हेही त्याच कागदावर लिहा. या कंपन्या किती झटपट उघडतात आणि गुंडाळल्या जातात ते आपण पाहतोच. आणि निधीचा वार्षिक हिशेब दरवर्षी प्रत्येक कामगाराच्या मोबाइलवर मराठीतून जाऊ द्या. आमच्या ड्रायव्हरांना तो इंग्रजीत मिळत होता, इंग्रजी त्यांची मातृभाषा होती, तरीही तो समजून घ्यायला ते माझ्याकडे येत.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, सातारा