आमची अर्धी वॅगन

सावदा, जि. जळगाव
२० डिसेंबर १९७१

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. त्यावरचं पाच पैशांचं जादा तिकीट पाहून बाबा अजून हसतात. तिकीट कुटुंब नियोजनाचं, आणि वर छापा निर्वासितांच्या मदतीचा! बाबा म्हणाले, "घरची वाढवू नका, बाहेरची सांभाळा, दोन्ही एका तिकिटात सांगितलं सरकारनं." तसे पूर्व बंगालातून कोटभर लोक आलेत म्हणतात. पाच पैशांबद्दल कुरकुर नाही कोणाची.

ढाका पडल्यावर पुण्यात काय काय झालं ते तू लिहिलंस. इकडेही गुरुवारी संध्याकाळी दिल्लीच्या बातम्या संपायच्या आत फटाके सुरू झाले. दिवाळीचे उरलेले, दमट, निम्मे फुसके. वाण्यानं जिलबी वाटली. ते सगळं तुला ठाऊकच आहे. मी लिहितो ते त्याच्या आधीच्या दिवसांचं.

ब्लॅकआउटचा हुकूम आला तेव्हा नुकतीच दत्तजयंती होऊन गेलेली. म्हणजे आम्ही खिडक्यांना खाकी कागद चिकटवतोय, सायकलच्या दिव्याला काळा रंग फासतोय, आणि डोक्यावर हे एवढं टिपूर चांदणं! केळीच्या बागेतलं पान न् पान मोजून घ्यावं. नाना म्हणाले, "त्या चंद्राले कोन सांगीन इझव म्हनून?" भुसावळला जंक्शन आणि दारूगोळ्याचा कारखाना असल्यामुळे तिथे फार कडक होतं. आमच्याकडे पोरांनी ते जास्तच मनावर घेतलं.

त्यातच आपली भरीत पार्टी. चंपाषष्ठीनंतर दर वर्षी करतो तशी. बामणोदची वांगी आणली, कळण्याच्या भाकरी घरून बांधून घेतल्या, बडगी-मुसळ बाळूच्या मळ्यात आधीच नेऊन ठेवलं. आता भरीत म्हटलं की पऱ्हाट्यांचा जाळ आला, आणि जाळ म्हटला की तो कोसभर दिसणार. आम्ही गोठ्याच्या आडोशाला चर खणला, भोवती गोणपाटं धरून उभे राहिलो. वांगी अर्धी भाजली असतील, तोवर बांधावरून हाक आली, "ए पोट्टेहो, इझवा ते! इमान येईन!" बाळूनं घाबरून अख्खी घागर ओतली. राखेच्या चिखलातून वांगी वेचली रे. आतून कच्ची, वरून काळी. तरी बडगीत घातली, पात, मिरच्या, लसूण टाकून ठेचली, आणि अंधारात खाल्ली. बाळूला दातांत खडा लागला. हसून हसून पोट दुखलं. नंतर कळलं की त्याच रात्री आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. मग कोणी पार्टीचं नाव काढलं नाही.

आता माझं. मुंबईच्या मुलाखतीचं तू दोनदा विचारलंस. सोमवारी सहा तारखेला सकाळी अकराची वेळ होती. मी रविवारी सकाळीच निघालो. भुसावळच्या फलाटावर मात्र रात्रीपर्यंत बसून राहिलो. लष्कराच्या गाड्या आधी सोडायच्या, मग आम्ही. त्यांना वाट द्यायची नाही असं कोण म्हणेल? मीही म्हटलं नाही. व्ही.टी.ला पोचलो तर सोमवारची संध्याकाळ, शहर अंधारात. मंगळवारी ऑफिसात गेलो तेव्हा माझ्या नावापुढे 'गैरहजर' लिहून झालेलं होतं. मी तिकीट दाखवलं. कारकून चांगला माणूस असेल, पण म्हणाला, "लढाई चालू आहे आणि तुला नोकरीची पडली आहे?" यावर उत्तर सुचेना. अजून सुचलेलं नाही. दोन वर्षं ज्या परीक्षेसाठी घासली ती लढाईत गेली असं म्हणायचीही लाज वाटते. लढाईत काय काय जातं ते रोज रेडिओवर ऐकत होतो ना.

परत आलो तर इथे केळी. मृगबागेतले आमचे बसराईचे घड नेमके त्याच आठवड्यात कापलेले. आमची अर्धी वॅगन, अर्धी नानांची, अशी दिल्लीला जायची होती. वॅगन उद्या येते, परवा येते करत आठ दिवस गेले. स्टेशनाबाहेर पानांखाली रचलेला माल पिवळा पडायला लागला. कापलेला घड थांबत नाही. बाबा रोज सायकलने स्टेशनावर जायचे, मास्तरांशी दोन शब्द बोलायचे आणि परत यायचे. घरी काही बोलायचे नाहीत.

एका दुपारी जवानांची गाडी सिग्नलला उभी राहिली. बाबांनी स्वतः एक घड उचलला आणि खिडकीशी नेला. मग नाना, मग हमाल, मग आम्ही पोरं. पाऊण तासात निम्मा माल डब्यांत गेला. एक साताऱ्याकडचा होता, त्यानं मराठीत विचारलं, "काका, पैसे?" बाबा म्हणाले, "वॅगनच मिळत नव्हती रे, आता मिळाली." आणि हसले. ज्या गाड्यांपायी वॅगन अडली, त्यांच्यातच केळी गेली म्हण. उरलेली शेळ्यांनी खाल्ली. बागेचं कर्ज आहे तेवढंच आहे, त्यामुळे जानेवारीत पुण्याला यायचं सध्या तरी डोक्यातून काढलं आहे. तुझ्या खोलीवरची माझी गादी कोणाला तरी देऊन टाक.

माईचं लग्न तुला माहीत आहेच. पौषाच्या आत उरकायचं ठरलं होतं, पण तिकडून नवरदेवांची रजा रद्द झाल्याची तार आली. मांडवाचे बांबू अंगणात तसेच पडून आहेत. त्यांचं शेवटचं पत्र २८ नोव्हेंबरचं. पत्त्यात गाव नाही, नुसता लष्करी टपालाचा नंबर, '९९ ए.पी.ओ.'. म्हणजे पूर्वेला, एवढंच आम्ही लावलेलं अनुमान. गुरुवारी सगळे नाचत होते तेव्हा माईनं जिलबी घेतली, वाटीखाली झाकून ठेवली. काल मुंग्या लागल्या तेव्हा आईनं ती गुपचूप टाकून दिली. माईला सांगितलेलं नाही.

तुझ्या वर्गातल्या कोणाचं कोणी पूर्वेकडे असेल तर विचारून बघ, तिकडून पत्रं यायला लागली का. एवढं काम कर. बाळू तुझ्यासाठी वांगी राखून ठेवतो म्हणतो, या खेपेला नीट भाजू.

टपालवाल्याची वेळ झाली. माई ओट्यावर जाऊन उभी आहेच. हे पत्र त्याच्याच हाती देतो.

तुझा,
प्रभाकर