नाटकाला यायचंच

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणं झालं नसतं. बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई सोयाबीनच्या भावावर येते. म्हणून पत्र.

मी लिहिलेलं नाटक राज्य नाट्य स्पर्धेत लातूर केंद्रावर होणार आहे. प्रवेशिका भरली, तालमी सुरू झाल्या, आता माघार नाही. त्यातल्या घरातला मोठा मुलगा तुम्ही पहिल्याच प्रवेशात ओळखाल, म्हणून आधीच सांगते. नावं, गाव सगळं बदललंय. पाटल्यांचं आहे. पोळ्याच्या रात्रीचं नाही, ते मी कधीच लिहिणार नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, घरातलं चव्हाट्यावर कशाला? पण १९५४ पासून चालत आलेली स्पर्धा आहे ही. तिथं लोक नाटक बघायला येतात, कुणाच्या घरात डोकवायला नाही. आणि असल्या नाटकांत बिघडलेला मुलगा एक तर शेवटी मरतो, नाहीतर बापाच्या पायावर डोकं ठेवून एका रात्रीत शहाणा होतो. आपल्याकडं तसं काहीच झालं नाही. दादा सावरला तो कुणाच्या लक्षात न येता. म्हणून मी नाटक २०१६ च्या उन्हाळ्यातच ठेवलं. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, आणि दादा टँकरवर. लोक नोटा पुढं करायचे, पण त्यानं एक घागर इकडची तिकडं केली नाही. घरी आला की उधारीची वही काढायचा आणि फेडलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारून झोपायचा. ती वही अजून माझ्याकडं आहे.

आई, तुला एक जागा जड जाईल. शेवटच्या प्रवेशात नाटकातली आई पेटीची किल्ली कनवटीला खोचते. मुलगा दारातून बघतो. काही बोलत नाही, शेळीपुढं पाला टाकायला जातो. दिग्दर्शक म्हणत होते, इथं आईनं किल्ली त्याच्या हातात द्यावी, टाळ्या पडतील. मी नाही म्हटलं. अगं, तुझा दोष नाही त्यात. एवढं झाल्यावर कुठल्याही आईनं तेच केलं असतं. पण दादा खरा मोठा झाला तो तिथं. घरात कुणाचा भरवसा नव्हता, तरी पहाटे उठून कामावर गेला.

त्यानं सगळं वाचलंय. म्हणाला, "किल्ली राहू दे. बाबांना रडताना नको दाखवू, ते रडले नव्हते." मी तेवढं काढून टाकलं. बाबा, गोठ्यातलं मला आणि आईला ठाऊक आहे, दादाला कळणार नाही.

१९९३ च्या भूकंपानंतर आपण अंगणात झोपायचो, आठवतं? बाबा बाजेशी जागे बसायचे आणि दादा माझं पैंजण मुठीत धरून झोपायचा, मी हलले की त्याला कळावं म्हणून. त्या मुठीपायीच हे नाटक लिहिलंय.

तर तुम्ही यायचंच. दादा गाडी घेऊन येईल. माझी खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे, गरम पाणी आहे, आईला गादी कडक लागते म्हणून सतरंजीवर घालून ठेवलीय. खुर्च्या कडेच्या सांगितल्यात, बाबांना मध्ये उठता येईल. धपाटे बांधून आणायचे नाहीत. आणशीलच, तर माझ्यापुरतेच आण.

बाबा, बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी. रात्री लाईट आली म्हणून मोटर चालू करायला अंधारात रानात जायचं नाही, दादा जाईल. आई, येळवशीच्या भज्जीचं तू एकटीनं काही काढू नकोस, मी दोन दिवस आधी येतेय. गुडघ्याला पट्टा बांधत जा, खुंटीला लटकवून ठेवायला नाही आणला तो.

नाटक बघून राग आला तर मला बोला, दादाला नको. तुम्हाला आणायला येताना काय बोलावं, याचंच त्याला टेन्शन आलंय. वाटेत त्याला चहाला थांबवा, तो स्वतःहून थांबायचा नाही.

तुमची,
बबी