वसतिगृहाच्या दारावर पाण्याचा आकडा लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये जलजागृती सप्ताह झाला, २२ तारखेला जागतिक जल दिन झाला. शहरातल्या महाविद्यालयांमधून पाणी बचतीच्या शपथाही घेतल्या गेल्या. ते चांगलंच झालं. पण जूनमध्ये वसतिगृहं पुन्हा भरतील, तेव्हा त्या शपथेचं पुढे काय होणार, याची मला काळजी वाटते. पाणीपुरवठ्याच्या कामात माझी उभी हयात गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझं मागणं एकच आहे. विद्यापीठ असो की महाविद्यालय, प्रत्येक वसतिगृहाला पाण्याचा स्वतंत्र मीटर बसवावा आणि रोज माणशी किती लिटर पाणी लागलं, तो आकडा दर्शनी फलकावर लिहावा. आज बहुतेक ठिकाणी संपूर्ण आवाराला मिळून एखादा मीटर असतो, तोही चालू असेल तर. कुठल्या इमारतीत किती पाणी जातं, हे ना रेक्टरना माहीत असतं, ना मुलांना. मग 'पाणी जपून वापरा' अशी पाटी लावण्यापलीकडे कुणाच्या हातात काही उरत नाही.

छत्रपती संभाजीनगरात तरी हे सांगायची वेळ यायला नको होती. जायकवाडी धरण पूर्ण भरलं की तिथली पातळी १५२२ फूट असते, आणि आपलं शहर त्याहून साधारण तीनशे फूट उंचावर आहे. सुमारे चाळीस किलोमीटरवरून, वीज जाळून, पाणी उपसून इथवर आणावं लागतं. कित्येक वर्षं आपल्या घरांत पाचव्या-आठव्या दिवशी नळ आला. गळक्या नळातून गटारात गेलेल्या पाण्यावरही तेवढीच वीज खर्च झालेली असते.

मुलांना दोष द्यायची मात्र माझी मुळीच तयारी नाही. इथल्या वसतिगृहांत बीड, जालना, धाराशिव, लातूरकडची मुलं राहतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा शाळेत असलेली मुलं आज पदव्युत्तर वर्गांत आहेत. टँकरमागे हंडा घेऊन धावलेल्या पोरांना पाण्याचं मोल कुणी शिकवायचं? पाणी वाया जातं ते बऱ्याच अंशी त्यांच्या हाताबाहेर असलेल्या जागी.

एका वसतिगृहात (नाव लिहीत नाही, कारण असंच इतरत्रही आहे) रात्री एक वाजता टाकीत येणारी लाइन बंद करून आम्ही आत खडूने पातळीची खूण केली. मुलं झोपलेली होती. पहाटे चारला पाहिलं तर पाणी वीतभर उतरलेलं. टाकी दहा फूट बाय दहा फूट होती. त्यातलं वीतभर पाणी म्हणजे दोन हजार लिटरच्या वर. कुणी नळ सोडलेला नव्हता. फ्लशच्या टाक्यांमधले वॉशर गेले होते आणि पाणी भांड्याच्या मागच्या बाजूने आवाज न करता झिरपत होतं. सहजी दिसत नाही म्हणून कुणी तक्रारही करत नाही. ही गळती ओळखायला फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग चिमूटभर टाकावा, पंधरा मिनिटं फ्लश ओढू नये, आणि मग भांड्यात रंग उतरला का ते पाहावं. खर्च नाही की तज्ज्ञाची गरज नाही.

हे वॉशर बदलायला मात्र अर्ज, अंदाजपत्रक, मंजुरी असा प्रवास करावा लागतो. माझ्या मते पाणी बचतीतली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. किरकोळ दुरुस्तीसाठी रेक्टरच्या हातात महिन्याला ठरावीक रक्कम द्या, प्लंबर नेमून द्या, गळतीच्या नोंदवहीत तक्रारीची आणि दुरुस्तीची वेळ लिहा. गच्चीवरची टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉल कॉक अडकला की तासाभरात हजार-दीड हजार लिटर पाणी भिंतीवरून वाहून जातं. मोटर चालू करणाऱ्याला ते खालून दिसत नाही.

आता थोडा हिशोब. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा निकषांत वसतिगृहासाठी माणशी रोज १३५ लिटर धरलेले आहेत. दोनशे मुलांच्या वसतिगृहाला रोज २७ हजार लिटर झाले, म्हणजे दहा हजारी टँकर जवळपास पावणेतीन. पावसाच्या पाण्याचं संकलन करा, असं सगळेच सांगतात, आणि ते करायलाच हवं. पण एक हजार चौरस मीटरची गच्ची आणि आपल्याकडचा साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर वजावट जाता साडेपाच लाख लिटर मिळतात. या वसतिगृहाला ते वीस दिवस पुरतील. उलट वापर आणि गळती मिळून रोजच्या पाण्यातला पाचवा हिस्सा वाचवला, तर शैक्षणिक वर्षाच्या तीनशे दिवसांत सोळा लाख लिटर वाचतात. जवळपास तिप्पट! गच्चीचं पाणी बोअरमध्ये जरूर मुरवा, आपल्या काळ्या कातळात ते किती साठेल याची खात्री मात्र भूजलाच्या जाणकाराकडून करून घ्या. पण पहिला हात गळतीला घाला.

आणि हा पाचवा हिस्सा आंघोळीच्या पाण्यातून काढू नका. मुलींच्या वसतिगृहात तर नकोच. पाळीच्या दिवसांत पाणी पुरेसं लागतं आणि ते मिळालंच पाहिजे. तिथे मी वेगळीच गोष्ट पाहिली. पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे मुली बादल्या, टब भरून ठेवतात आणि ताजं पाणी आलं की शिळं ओतून देतात. वेळ पक्की केली आणि ती पाळली, तर ही नासाडी आपोआप थांबेल.

हिरवळीबद्दल बोललेलं काहींना आवडत नाही, तरी लिहितो. हजार चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाच हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. तेवढ्यात सदतीस विद्यार्थ्यांची दिवसाची गरज भागते. मराठवाड्यातल्या आवारात कडुनिंब, करंज, आपटा लावा. मेसमधलं भांडी धुतल्याचं पाणी गाळून, कर्दळीच्या वाफ्यातून सोडून झाडांना द्या. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून शुद्ध पाण्याइतकं, कधी त्याहूनही जास्त पाणी नळीने बेसिनमध्ये जातं. ते पिंपात धरून फरशी पुसायला, संडासात वापरता येतं. त्यात क्षार जास्त असतात, झाडांना रोज घालू नये.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आपल्या ८५३ एकरांच्या आवारात तळी आणि विहिरींच्या जोरावर पाण्याची बरीचशी गरज भागवून दाखवली आहे. तिथला पाऊस आपल्यापेक्षा जास्त, हे खरं. पण आपल्याकडेही पूर्वजांनी डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणलं, पाणचक्की फिरवली. मलिक अंबरच्या नहरी अजून जमिनीखाली आहेत. देखभाल सुटली तिथे त्या बुजल्या.

महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात जलसंवर्धन हा मुद्दा आहे आणि त्यासाठी फोटो, अहवाल तयार होतात. त्याच फायलीत वर्षभराच्या मीटरचे आकडे जोडायला हवेत. मीटर वाचण्याचं काम 'कमवा आणि शिका' योजनेतल्या मुलांना द्या, म्हणजे त्यांना चार पैसे मिळतील. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याच आकड्यांवर प्रकल्प करता येतील. शेजारच्या वसतिगृहाचा आकडा आपल्यापेक्षा कमी का, हे मुलं स्वतःच शोधायला लागतील.

संपादक महोदय, आपण पावसाळ्यात जायकवाडीचा साठा रोज टक्केवारीसह छापता आणि सगळं शहर तो वाचतं. यंदा जूनपासून महिन्यातून एकदा शहरातल्या वसतिगृहांचा माणशी पाणीवापरही मागवून छापावा. ज्या संस्थेकडे मीटर नसेल, तिच्या नावापुढे तसं लिहावं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पाणीपुरवठा अभियंता,
छत्रपती संभाजीनगर