सही करण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठून गेलीस. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिने लिहायला लावलं असं मात्र समजू नकोस.

नगरसेवक व्हायचंय म्हणालीस. माझ्या तोंडून "वेड लागलंय का" गेलं, ते मागे घेतो. पण बाळा, कोणाच्याही कागदावर सही करू नकोस. पाटल्यांचं तुला ठाऊक आहेच.

तू तुझ्या शिकागोच्या महापौराचं उदाहरण दिलंस. रिचर्ड डेली, १९५५ साली खुर्चीवर बसला आणि १९७६च्या डिसेंबरात पदावर असतानाच गेला. सहा वेळा निवडून आला, मान्य. पण पक्षही त्याच्याच मुठीत. महापालिकेत चिकटायचं तर त्याच्या माणसाची चिठ्ठी लागायची. १९६८ला पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी पोलिसांनी निदर्शनं करणाऱ्या पोरांना रस्त्यात झोडपलं, तेही त्याच्याच राज्यात. त्याच्यामागून आलेल्याला मात्र रस्त्यावरचं बर्फ वेळेत उचलता आलं नाही, म्हणून लोकांनी १९७९ला घरी बसवलं. हे बर्फाचं तूच फोनवर सांगितलं होतंस. मला तेवढंच पटलं.

आपल्याकडे महापौर अडीच वर्षांचा, तोही आरक्षणाची सोडत निघेल तसा. सभेचं अध्यक्षपद त्याचं, कारभार आयुक्तांचा, पैशाच्या चाव्या स्थायी समितीकडे. एकवीस वर्षं कुठली! नाशिक महापालिकेत १९९२ला पहिले नगरसेवक निवडून आले तेव्हापासून बघतोय. मार्च २०२२ला मुदत संपली, त्यानंतर तर सभागृह कित्येक वर्षं रिकामंच. आणि निवडून आलीसच, तर ठेकेदार, मंडळवाले रोज दारात. "ताई, इथे फक्त एक सही." माझा मित्रही असाच म्हणाला होता, फक्त जामीन राहा. बघ, परत तिथेच आलो. भाषण देतोय, माफ कर.

२००८चा पूर आठवतो? दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कुठवर चढलं ते बघायला आख्खं पंचवटी लोटलेलं. तू आठ वर्षांची, माझ्या खांद्यावर. "पाणी कुठून आलं?" मी म्हटलं, गंगापूर धरणातून सोडलं. "सांगून सोडलं का?" आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. मला उत्तर देता आलं नाही, पण घरी येऊन आईला तीनदा सांगितलं.

भीती वाटते ती तुझी नाही गं, तुझ्या भिडस्तपणाची. तो माझ्याकडून आलाय.

मेतकूट आणि भाजणी शेजारच्या पोराबरोबर पाठवतोय. डबे परत दे. शपथपत्राची पानं भरलीस की आधी मला दाखव, मग सही कर. आणि अर्जाला सूचक आपल्याच प्रभागातला मतदार लागतो ना? कोणी ठरला नसेल तर कळव. पाटल्या गेल्यापासून मी कुठेही सही केलेली नाही. पेन शोधून ठेवतो.

तुझे,
बाबा